रकाने कोण आखतं? इन्फर्मेशन सिस्टिम्सच्या मास्टर्सला अर्ज करताना

(महाराजपूर, जबलपूर इथे पदवीच्या शेवटच्या वर्षातल्या आणि नुकत्याच पदवीधर झालेल्या विद्यार्थ्यांसमोर केलेलं भाषण. लेखी रूप देताना थोडं संपादन केलं आहे.)



आजचा विषय तुमच्यातूनच आला आहे. बीसीए, बीएस्सी कम्प्युटर, बी.ई. झालेल्या काही जणांनी एकच प्रश्न विचारला होता: इन्फर्मेशन सिस्टिम्स या विषयात मास्टर्सला अर्ज करायचा आहे, सुरुवात कुठून करू? मी समाजशास्त्राची. कोडिंगचा एक धडाही मी तुम्हाला शिकवू शकणार नाही. पण आपल्यासारखे पहिल्या पिढीतले पदवीधर उच्च शिक्षणाच्या दारापर्यंत कसे पोचतात आणि दारातच का अडतात, हा माझ्या अभ्यासाचा विषय आहे. त्यामुळे अर्ज या गोष्टीबद्दल मला थोडं बोलता येईल.

एक मुद्दा आधीच सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. तुमच्यापैकी बरेच जण म्हणतात, ‘ताई, अर्जात लिहायला आमच्याकडे काहीच नाही. मोठी इंटर्नशिप नाही, मोठं कॉलेज नाही.’ माझं म्हणणं उलट आहे. या विषयाचा गाभा तुम्ही लहानपणापासून सरकारी खिडकीपुढे रांगेत उभं राहून शिकलेले आहात. तो ज्ञान म्हणून कागदावर मांडायचा कसा, हे शिकायचं राहिलं आहे. आणि अर्जाभोवतीची कागदपत्रं, पैसे आणि तारखा यांची तयारी करायची राहिली आहे.

मुळात हा विषय काय आहे? कम्प्युटर सायन्समध्ये यंत्र कसं चालतं याचा अभ्यास असतो. इन्फर्मेशन सिस्टिम्समध्ये यंत्र, माणसं आणि संस्था एकत्र कशी चालतात याचा असतो. डेटाबेस, सिस्टिमचं विश्लेषण आणि आखणी, प्रकल्प व्यवस्थापन, माहितीची सुरक्षितता, डेटा अॅनालिटिक्स हे त्यातले नेहमीचे विषय. अमेरिकेत अॅरिझोना विद्यापीठात १९७४ पासून या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे. कार्नेगी मेलनमध्ये या विषयाची व्यवस्थापनाकडे झुकणारी पदवी मिळते. जर्मनीत म्युन्स्टर विद्यापीठात ती इंग्रजीतून शिकवतात. आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये, जिथे बाबासाहेब शिकले, तिथेही या विषयात मास्टर्स करता येतं.

लंडनमध्ये हा विषय कुठून आला ते ऐकण्यासारखं आहे. जे. लायन्स नावाची चहाच्या दुकानांची कंपनी होती. रोज कोणत्या दुकानाला किती पाव, किती केक पाठवायचे, याचा हिशोब ठेवता ठेवता कारकून थकून जायचे. त्या हिशोबासाठी कंपनीने स्वतःचा संगणक बांधला. त्याचं नाव लिओ. १९५१ मध्ये तो कामाला लागला, आणि धंद्याच्या रोजच्या कामासाठी वापरलेला जगातला पहिला संगणक म्हणून त्याची नोंद आहे. त्या कंपनीत काम केलेले फ्रँक लँड १९६७ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आले आणि त्यांनी तिथे हा विषय उभा केला. लँड हे नाझी जर्मनीतून लहानपणी निसटून आलेल्या ज्यू कुटुंबातले. थोडक्यात, या विषयाची तिथली मुळं पावाच्या हिशोबात आहेत. ज्याने दुकानातली वही भरली आहे त्याला हा विषय परका नाही.

आता आपल्या देशातलं उदाहरण घेते. २०११ मध्ये सामाजिक, आर्थिक आणि जातनिहाय गणना झाली. तिची जातीची आकडेवारी आजवर बाहेर आली नाही. महाराष्ट्र सरकारने ओबीसींच्या आकडेवारीसाठी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, तेव्हा केंद्राने २०२१ मध्ये प्रतिज्ञापत्र दिलं. त्यात म्हटलं होतं की १९३१ च्या जनगणनेत ४,१४७ जाती नोंदल्या गेल्या होत्या, आणि २०११ च्या गणनेत त्या निघाल्या ४६ लाखांहून जास्त. महाराष्ट्रात अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसी मिळून अधिसूचित जाती ४९४. गणनेतल्या जाती निघाल्या ४,२८,६७७. एवढ्या जाती आल्या कुठून? प्रगणकाच्या हातात जातींची ठरलेली यादी नव्हती. जो जसा उच्चार करेल तसं नाव लिहिलं गेलं. एकाच जातीची दहा स्पेलिंगं म्हणजे संगणकाच्या लेखी दहा जाती.

तुमच्या पाठ्यपुस्तकात याला डेटा एन्ट्रीची चूक म्हणतील. परिणाम काय झाला ते पाहा. आकडे वापरण्यासारखे नाहीत असं सांगून ते बंद राहिले. महाराष्ट्राची याचिका डिसेंबर २०२१ मध्ये फेटाळली गेली आणि स्थानिक स्वराज्य संस्थांमधलं ओबीसींचं आरक्षण अडकून पडलं. एक रकाना मोकळा सोडायचा की त्यात ठरलेल्या नावांची यादी द्यायची, एवढ्या निर्णयावर कोट्यवधी माणसांचा हक्क टांगला गेला. तो निर्णय घेणाऱ्या खोलीत आपल्यातलं कोण होतं? पुढची जनगणना २०२७ ची आहे. ती डिजिटल असेल आणि तिच्यात जात नोंदवली जाईल, असं सरकारने जाहीर केलं आहे. रकाने पुन्हा आखले जाणार आहेत. हा विषय आपल्यातल्या मुलामुलींनी शिकावा असं मला वाटतं, ते नोकरीसाठी आहेच, पण या खोलीसाठीही आहे.

आता तुमच्या घराकडे येते. इथल्या मराठी घरांतली आडनावं बघा. शाळेच्या दाखल्यावर हिंदीत ‘कांबले’, कारण हिंदीच्या रोजच्या लिखाणात ‘ळ’ नाही. आधारवर इंग्रजीत एक स्पेलिंग, समग्र आयडीत दुसरं. महाराष्ट्रात मधलं नाव वडिलांचं असतं; इथल्या गुणपत्रिकेत वडिलांचं नाव वेगळ्या ओळीत जातं, आणि कित्येकदा मुलीचं आडनावच गळून ‘कुमारी’ तेवढं राहतं. मग शिष्यवृत्तीचा अर्ज परत येतो. आई-वडिलांना वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं. चूक त्यांची नसते. तीन सरकारी नोंदी अक्षराला अक्षर ताडून पाहणारी आणि माणूस न ओळखणारी ती व्यवस्था असते.

तुमच्यापैकी कितीतरी जणांनी अख्ख्या वस्तीचे अर्ज भरले आहेत. कुणी एमपी ऑनलाईनच्या कियोस्कवर संध्याकाळी बसतं, कुणी शेजारच्या काकूंची पेन्शन मोबाईलवर तपासून देतं. अर्ज कुठल्या पायरीवर अडतो, कुठला शिक्का नसला की परत येतो, ओटीपी कुणाच्या नंबरवर जातो आणि तो नंबर बंद का पडलेला असतो, हे तुम्हाला पाठ आहे. याला या विषयाच्या भाषेत वापरकर्त्याच्या गरजांचं विश्लेषण म्हणतात. मोठ्या कंपन्या त्यासाठी माणसं नेमतात.

हेच तुमच्या स्टेटमेंट ऑफ पर्पजमध्ये, म्हणजे एसओपीमध्ये यायला हवं. आणि इथेच आपली मुलं फसतात. माझ्याकडे जे एसओपी वाचायला येतात ते दोन प्रकारचे असतात. पहिला इंटरनेटवरून उचललेला: ‘लहानपणापासून मला संगणकाची ओढ होती’. हे वाक्य वाचून वाचून निवड समितीचे डोळे थकलेले असतात. दुसरा प्रकार दुःखाचा. वडील ठेकेदाराकडे मजूर, आईने भांडी घासली, घरात एक खोली, तरी मी शिकलो. यातला शब्दन्‌शब्द खरा असतो. पण वाचणाऱ्याला त्यातून तुमच्या परिस्थितीपलीकडे काही कळत नाही. तुम्ही काय विचार करता, तुम्हाला कोणता प्रश्न सोडवायचा आहे, हे कळत नाही. दुःख वाचून माणूस हळहळतो. हळहळीवर प्रवेश मिळत नाही, आणि मिळाला तरी वर्गात तुमच्याकडे त्याच नजरेने पाहिलं जातं.

तिसरा प्रकार शक्य आहे. कियोस्कवर काम केलेल्या एखाद्या मुलीचा एसओपी असा सुरू होऊ शकतो:

‘आमच्या वस्तीतले शिष्यवृत्तीचे अर्ज मी तीन हंगाम भरले. परत आलेल्या बहुतेक अर्जांतले विद्यार्थी पात्र होते. त्यांचं नाव तीन सरकारी नोंदींत तीन तऱ्हेने लिहिलेलं होतं. कोणता अर्ज कोणत्या पायरीवर आणि का अडला, याची मी वही ठेवली. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात देवनागरी आणि रोमन लिपीतली नावं ताडून पाहणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला. तो जिथे चुकतो, तिथून माझा पुढचा प्रश्न सुरू होतो.’

यात गरिबी लपवलेली नाही आणि मिरवलेलीही नाही. वाचणाऱ्याला कळतं की या मुलीने एक बिघाड पाहिला, मोजला, दुरुस्त करायचा प्रयत्न केला आणि कुठे अपुरं पडतंय हेही तिला ठाऊक आहे. त्यानंतर दोन परिच्छेदांत सांगा की त्याच विद्यापीठातले कोणते विषय, कोणते प्राध्यापक या प्रश्नासाठी लागतात. प्रत्येक विद्यापीठासाठी हा भाग वेगळा लिहावा लागतो. शेवटी शिकून काय करणार ते सांगा. हजार शब्द पुरतात. वही ठेवली नसेल तर आजपासून ठेवा. पुढचा हंगाम तुमच्या हातात आहे.

मग जात लिहायची की नाही? हा प्रश्न तुम्ही हळू आवाजात विचारता, म्हणून मी मोठ्याने उत्तर देते. शिष्यवृत्तीच्या अर्जात लिहावीच लागते, तो आपला हक्क आहे. एसओपीत लिहायची सक्ती नाही. तुमच्या प्रश्नाशी जातीचा थेट संबंध असेल, जसा नावांच्या किंवा जनगणनेच्या प्रश्नात आहे, तर विषय म्हणून स्वच्छ लिहा. संबंध नसेल तर केवळ दया यावी म्हणून लिहू नका, आणि लाज वाटते म्हणून गाळूही नका.

आता शिफारसपत्रं. बहुतेक ठिकाणी दोन किंवा तीन मागतात. ज्यांच्या घरात प्राध्यापकांची ये-जा असते त्यांना ही पत्रं म्हणजे एका फोनचं काम. आपल्याला शंभरच्या वर्गात सरांना नाव तरी आठवेल का, इथून सुरुवात. पण शिफारसपत्राचा बाऊ करू नका आणि त्यात कमीपणाही मानू नका. १९२० मध्ये बाबासाहेब शिक्षण पूर्ण करायला लंडनला परत गेले तेव्हा कोलंबियाच्या प्रा. सेलिग्मन यांनी लंडनच्या प्रा. फॉक्सवेल यांना त्यांच्यासाठी पत्र लिहिलं होतं. गुरूने शिष्याबद्दल लिहिणं ही विद्यापीठांची रीत आहे, उपकार नव्हे. तुम्ही सरांकडे मोकळ्या हाताने जाऊ नका. एक पान घेऊन जा: त्यांच्या कोणत्या विषयात किती गुण मिळाले, कोणता प्रकल्प केला, त्यात नेमकं काय केलं, कुठे अर्ज करताय, शेवटची तारीख काय. काही शिक्षक म्हणतील, ‘तूच लिहून आण’. अशा वेळी हे पान त्यांच्यापुढे ठेवा आणि दोन ओळी तरी त्यांच्या शब्दांत मागा. तिसरं पत्र कामाच्या ठिकाणचं चालतं. या विषयात कामाच्या अनुभवाला किंमत आहे. कॉलेजचा अधिकृत ईमेल शिक्षकांना नसेल तर ते आधीच विचारून घ्या, कारण काही विद्यापीठं खासगी ईमेलवरून आलेलं पत्र घेत नाहीत.

पात्रतेत एक खड्डा आहे. आपल्याकडचं बीसीए, बीएस्सी तीन वर्षांचं. अमेरिकेतली काही विद्यापीठं चार वर्षांची पदवीच मागतात, काही तीन वर्षांची घेतात. हे प्रत्येक विद्यापीठाच्या पानावर तपासा, आणि स्पष्ट नसेल तर अर्जाची फी भरण्याआधी ईमेल करून विचारा. जर्मनीसाठी एपीएस नावाचं प्रमाणपत्र लागतं, ज्यात तुमची पदवी तपासली जाते. ते हातात यायला वेळ लागतो.

आता पैसे. जीआरईची फी वीस हजारांच्या वर आहे, आयईएलटीएसची त्याच्या जवळपास. अमेरिकेत एका अर्जाला साधारण पाऊणशे ते शंभर डॉलर. पाच ठिकाणी अर्ज केला तर सगळं मिळून ऐंशी हजारांच्या आसपास खर्च होतो, आणि अजून प्रवेश मिळालेला नसतो. म्हणून काटछाट इथूनच करा. या विषयाच्या बऱ्याच अभ्यासक्रमांना आता जीआरई ऐच्छिक आहे. फीमाफी मागणारं पत्र लिहायला काही लागत नाही; काही विद्यापीठं देतात. जीआरईचे गुण पाच वर्षं चालतात, आयईएलटीएसचे दोनच. त्यामुळे आयईएलटीएस फार लवकर देऊ नका.

शिक्षणाच्या खर्चासाठी केंद्र सरकारची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्ती आहे. सामाजिक न्याय मंत्रालयाच्या या योजनेत वर्षाला १२५ जागा: ११५ अनुसूचित जातींसाठी, ६ भटक्या-विमुक्तांसाठी, ४ भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागिरांसाठी. ३० टक्के जागा मुलींसाठी राखलेल्या. पदवीला ६० टक्के, वय ३५ च्या आत, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत. विद्यापीठ क्यूएसच्या यादीत पहिल्या ५०० मध्ये हवं. पूर्ण शिकवणी फी, विमानभाडं, आणि राहण्यासाठी वर्षाला अमेरिकेत १५,४०० डॉलर, ब्रिटनमध्ये ९,९०० पाउंड. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी आदिवासी कार्य मंत्रालयाची वेगळी योजना आहे, तिच्या जागा फक्त २०.

या योजनेच्या दोन गोष्टी नीट लक्षात घ्या. पहिली: २०२२ मध्ये नियम बदलले आणि भारताची संस्कृती, वारसा, इतिहास, समाज यांवरचे विषय वगळले गेले. म्हणजे माझ्यासारखीला या पैशावर परदेशात जातीचा अभ्यास करता येत नाही. तुमच्या विषयाला अशी आडकाठी नाही. म्हणून तर तुमच्याकडून अपेक्षा जास्त आहे. दुसरी: २०२५ च्या निवडीत १०६ नावं होती, पण जुलैमध्ये तात्पुरती पत्रं ४० जणांनाच मिळाली; उरलेल्यांना निधी उपलब्ध झाला तर, असं सांगितलं गेलं. प्रवेश हातात, निवड यादीत नाव, आणि तरी विमानाचं तिकीट काढता येत नाही, अशी ती अवस्था. त्यामुळे एकाच शिष्यवृत्तीवर सगळं टांगू नका.

इथे जबलपूरकरांचा खास गुंता येतो. महाराष्ट्रातली राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती तुमच्या नागपूरच्या मावसभावाला मिळू शकते, तुम्हाला नाही, कारण ती महाराष्ट्राच्या रहिवाशांसाठी आहे. तुम्ही मध्य प्रदेशचे मूलनिवासी, म्हणून तुम्ही इथल्या राज्य सरकारच्या विदेश अध्ययन शिष्यवृत्तीकडे बघायचं. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी दीक्षाभूमीवर धम्म दिला तेव्हा नागपूर मध्य प्रदेशाचीच राजधानी होती. १८ दिवसांनी, १ नोव्हेंबरला राज्यं बदलली. आपले आजोबा छोट्या लाईनने गोंदियाहून इकडे रेल्वेत, जीसीएफमध्ये कामाला आले तेव्हा परराज्यात चाललोय असं त्यांच्या मनातही नसेल. कागदांनी नंतर आपल्याला दोन राज्यांत वाटलं.

म्हणून जातीचं प्रमाणपत्र आजच काढून बघा. इथलं स्थायी प्रमाणपत्र काढताना १० ऑगस्ट १९५० ला कुटुंब राज्यात राहत होतं का, हे विचारलं जातं. आजोबांचा शाळेचा दाखला, कारखान्यातल्या सर्व्हिस बुकची नक्कल, असे कागद त्यासाठी शोधा. कुटुंब नंतर आलं असेल तर वडिलांच्या मूळ राज्यातल्या प्रमाणपत्रावरून इथे प्रमाणपत्र मिळतं. राज्याच्या सवलतींना ते चालत नाही, केंद्राच्या योजनेला चालतं. धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहायला घाबरू नका. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांनाही अनुसूचित जातीचे हक्क आहेत. जात मात्र प्रमाणपत्रावर जशी आहे तशीच, त्याच स्पेलिंगने लिहा.

पासपोर्ट काढतानाही हेच. गुणपत्रिकेवर आडनाव नसेल तर आधी ते प्रकरण मिटवा. पासपोर्टवर एकच नाव असलं तर अमेरिकेच्या व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’ छापतात, म्हणजे पहिलं नाव अज्ञात. दुनियेत जायचं ते निदान स्वतःच्या नावाने जा.

तारखांचा हिशोब उलटा करा. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अभ्यासक्रम सुरू होणार असेल, तर अर्ज त्याच्या आधीच्या ऑक्टोबर ते जानेवारीत. परीक्षा त्याआधी, जुलै ते सप्टेंबर. कागदपत्रं त्याआधी, एप्रिल ते जून. म्हणजे दीड वर्ष. केंद्राच्या शिष्यवृत्तीचं पोर्टल अलीकडे फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास उघडतं आणि तेव्हा विद्यापीठाचं विनाअट प्रवेशपत्र हातात असावं लागतं. शेवटच्या वर्षाचा निकाल लागला नसेल तर विद्यापीठ सशर्त पत्र देतं, आणि ते चालत नाही. निकाल उशिरा लागणाऱ्या आपल्यासारख्यांनी म्हणूनच पदवी हातात आल्यावर अर्ज करणं शहाणपणाचं. मधल्या वर्षाची भीती बाळगू नका. बडोद्याची शिष्यवृत्ती संपली म्हणून बाबासाहेबांना १९१७ मध्ये लंडनचं शिक्षण सोडून यावं लागलं. सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत झाली, आणि १९२० मध्ये ते परत गेले. तीन वर्षांची गॅप त्यांच्याही शिक्षणात आहे.

मोफत सल्ला देणाऱ्या कन्सल्टन्सींपासून जपा. त्यांचं पोट विद्यापीठांकडून मिळणाऱ्या कमिशनवर चालतं. जी विद्यापीठं कमिशन देतात तीच यादीत येतात, आणि त्यातली बरीच पहिल्या ५०० च्या बाहेरची असतात. तिथे प्रवेश घेतला की शिष्यवृत्तीचं दार बंद, आणि उरतं कर्ज. साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला बँका तारण मागतात. वस्तीतल्या ज्या घराची रजिस्ट्री नाही ते तारण राहत नाही. मग तारणाशिवाय चढ्या व्याजाचं खासगी कर्ज. अमेरिकेत नोकरी लागेल आणि फेडू, हा हिशोब आता पक्का राहिलेला नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये तिथल्या सरकारने नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरची फी जाहीर केली. वडिलांचा पीएफ काढायच्या आधी हे सगळं त्यांच्यासमोर मोकळेपणाने मांडा.

पैशाच्या दृष्टीने जर्मनीचा विचार जरूर करा. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही, काही राज्यांत आणि विद्यापीठांत आहे. पण व्हिसासाठी एका वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो खात्यात दाखवावे लागतात.

तिकडे गेल्यावर जात सुटेल का? याचं उत्तर तुम्हाला तुमच्याच क्षेत्राने दिलं आहे. जून २०२० मध्ये कॅलिफोर्नियाच्या सरकारी खात्याने सिस्को कंपनीवर खटला भरला. एका दलित अभियंत्याशी वरिष्ठांनी जातीवरून भेदभाव केला असा आरोप होता. कंपनीने आरोप नाकारले. २०२३ मध्ये दोन व्यक्तींविरुद्धचा दावा मागे घेतला गेला, कंपनीविरुद्धचा पुढे चालू राहिला. त्यामुळे निदान एवढं झालं की जात या शब्दाला तिथे नोंद मिळाली. ब्रँडाइस विद्यापीठाने २०१९ मध्ये आणि कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीने २०२२ मध्ये भेदभावविरोधी नियमांत जात घातली, सिएटल शहराने २०२३ मध्ये कायदा केला. कॅलिफोर्नियाचा राज्यव्यापी कायदा मात्र त्याच वर्षी गव्हर्नरने नाकारला. अर्ज करताना विद्यापीठाच्या नियमांत जात हा शब्द आहे का ते पाहा. तोही त्यांचा एक रकाना आहे.

आणि ज्यांना बाहेर जायचं नाही किंवा जाता येत नाही, त्यांनी हे भाषण आपल्यासाठी नाही असं समजू नये. निमसेट दिली तर एनआयटीत एमसीए करता येतं. भोपाळ आणि रायपूर ही दोन्ही ठिकाणं आपल्याला फार लांब नाहीत. बी.ई. झालेल्यांसाठी गेट आहे. तिची फी अनुसूचित जाती-जमातींना निम्मी आहे, आणि गेटवरून एम.टेक.ला प्रवेश मिळाला तर महिना १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. डुमन्याची ट्रिपलआयटी तर आपल्याच शहरात आहे. तिच्या फाटकावरून आपण कितीदा गेलो असू, आत कितीदा गेलो?

शेवटची विनंती. अर्ज एकट्याने भरू नका. वरच्या जातीतल्या मुलाचा अर्ज कधीच एकट्याचा नसतो. मामा बोस्टनमध्ये असतो, आत्या एसओपी वाचते. आपल्याला ते नातं वस्तीत उभं करावं लागेल. इथे एक फाईल ठेवा. जो अर्ज करेल त्याने आपला एसओपी, विद्यापीठांशी झालेले ईमेल, नकाराची पत्रंसुद्धा, वैयक्तिक तपशील झाकून त्यात लावावीत. महिन्यातून एक रविवार बसून एकमेकांचे एसओपी वाचावेत. पुढच्या रविवारी प्रत्येकाने चार कागद घेऊन यायचं: दहावीची गुणपत्रिका, आधार, समग्र आणि जातीचं प्रमाणपत्र. चारही समोर ठेवून आपलं नाव अक्षराला अक्षर ताडून बघायचं. जिथे जुळत नाही तिथे लाल खूण करायची आणि सोमवारी लोक सेवा केंद्रात दुरुस्तीचा अर्ज टाकायचा. तुमच्या अर्जाची पहिली पायरी ती आहे, आणि या विषयातला तुमचा पहिला गृहपाठही.

जय भीम.